येसूनं धुकं सुकवलं

खाडीच्या वळणावर, डोंगराच्या कुशीत नऊ घरांची एक वाडी होती. तिथल्या शेवटच्या घरात, जिथून पुढे नुसतं रानच होतं, येसू आणि तिची आई राहायच्या. घर केवढं? दोघी आडव्या झाल्या की भरलं. पण परसात रातांब्याचं एक उंच झाड होतं आणि पलीकडच्या रानात अशी कितीतरी. वैशाख आला की ती झाडं लालेलाल व्हायची. हिरव्यागार पानांत जांभळट लाल फळं लोंबायची. वाटायचं, कुणीतरी झाडभर इवले इवले दिवे लावून ठेवलेत.

वाडीत भात पिकत नव्हता. सगळा कातळ, भात कुठून पिकणार? वाडी रातांबे फोडायची, बिया काढायची आणि सालं सुकवून त्यांची आमसुलं करायची. वैशाखाच्या पुनवेला खाडीला मोठी भरती यायची. एवढ्या आत होडी पोचायची ती त्याच दिवशी. होडीवाला तांदूळ आणायचा. त्याला टोपलीभर आमसुलं दिली की एका माणसाचा पावसाळा निघेल एवढा तांदूळ तो ओतायचा. मग होडी जायची, ती थेट पुढच्या वर्षी.

त्या वर्षी मात्र वैशाखात समुद्रावरून पांढरं धुकं आलं आणि वाडीवर बसलं. बसलं ते उठेचना. दोरीवरचे कपडे चार चार दिवस ओलेच. चुलीतलं लाकूड नुसतं धुरायचं. मडक्यातल्या मिठाला पाणी सुटायचं. आणि चटईवर घातलेली आमसुलं सुकायची सोडून बुरसायला लागली.

त्यातच येसूची आई रातांबे काढताना झाडावरून घसरली. पोटरीला मोठी जखम झाली. त्या दमट हवेत जखमही सुकेना. रोज ओली, रोज दुखरी. आई भिंतीला टेकून बसायची आणि येसूला दिसायचं, आईचं तोंड दिवसेंदिवस सुकत चाललंय.

एका सकाळी आईनं येसूचे दोन परकर आणि एक पोलकं एका फडक्यात बांधलं. गाठोडं खुंटीला अडकवलं.

"हे काय गो आये?" येसूनं विचारलं.

आईनं गाठोड्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मग म्हणाली, "पुनवेला दहा दिवस राहिले, बाय. डब्यात तांदूळ आहे तो एका पोटापुरता. आमसुलं झाली नाहीत तर होडीतून तुला मामाकडे धाडते. पुढच्या वर्षी होडी येईल तोवर तिथं राहा. पोटभर तरी जेवशील."

"आणि तू?"

"मी राहीन की."

"एकटी? या पायानं?"

आईनं लुगडं ओढून जखम झाकली. येसू गाठोड्याकडे बघत राहिली. केवढंसं ते गाठोडं, पण त्याच्यामुळे सगळं घर तिला परकं वाटायला लागलं. तिनं टोपली उचलली आणि ती रानात गेली.

रानात धुकं झाडांना गुंडाळून होतं. येसू वाकून वाकून पडलेले रातांबे वेचत होती. बोटं लाल, तळवे लाल, परकराची कडही लाल. एवढ्यात तिला बारीक आवाज आला. टाचणी पाण्यात पडावी तेवढा.

"अगं, पाय जपून! मी आहे इथं!"

येसूनं पाय वरच धरला. खाली एक फुटलेला रातांबा पडला होता आणि त्याच्या चिकट लाल रसात एक परी अडकली होती. परी केवढी? येसूच्या करंगळीएवढी. पिवळसर रातांब्याच्या फुलाचा घागरा, कपाळावर मोहरीएवढी लाल टिकली, आणि पाठीवर चतुरासारखे चार पंख. पण पंख भिजून एकमेकांना घट्ट चिकटले होते.

"मी रातांबी," परी म्हणाली. "या झाडांना लाल रंग देते. पण या ओलीनं माझे पंखच सुकेनात. उडता येत नाही. रात्री इथं पडले ती पडलेच. तू फुंकर मारून पंख सुकव ना गं झटकन!"

"झटकन नको," येसू म्हणाली. "झटकन सुकवलं की तडकतं. आई सांगते."

तिनं परीला अलगद उचललं. पानावरच्या पाण्यानं पंखांवरचा रस धुतला. मग दोन्ही हातांची ओंजळ केली, परीला आत ठेवलं आणि ओंजळ छातीशी धरून बसून राहिली. तिच्या अंगाची ऊब हळूहळू ओंजळीत उतरली. कितीतरी वेळ गेला. पायाला मुंग्या आल्या. टोपली अर्धीच राहिली. पण येसू हलली नाही.

मग ओंजळीत गुदगुल्या झाल्या. येसूनं बोटं उघडली, तर चारही पंख मोकळे! एक सोनेरी, एक गुलाबी, एक मोरपिशी आणि एक दुधासारखा पांढरा. परी भुर्रकन वर उडाली, तिनं येसूच्या नाकाभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि टोपलीच्या काठावर येऊन बसली.

"तुझं तोंड का गं उतरलंय?" तिनं विचारलं.

येसूनं सगळं सांगितलं. धुकं, जखम, गाठोडं, सगळं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले.

परीनं गवताची एक काडी तोडली आणि तिच्यावर तीन दवबिंदू ओवले. ते मण्यांसारखे लुकलुकायला लागले.

"हे घे, तीन दवमणी. ज्याला सुकवायचं त्याच्यावर तळहात ठेव आणि म्हण, 'सूक.' एक मणी फुटेल आणि ते सुकेल. पण नीट ऐक. ओल कधी मरत नाही. ती इथून निघाली की तिला कुठंतरी जावंच लागतं. कुठं जायचं ते तू सांगायचं. नाही सांगितलंस तर ती तुझ्याच अंगावर येईल."

"एवढंच?"

"अजून एक. कपडा सुकतो, मासळी सुकते, जखम सुकते, नि फूलही सुकतं. म्हणायला शब्द एकच. पण कपडा सुकला की घालता येतो आणि फूल सुकलं की गेलं. म्हणून आधी बघ, काय जायला हवं आणि काय राहायला हवं. मग बोल."

येसूनं मान हलवली. पण तिचं अर्धं लक्ष लुकलुकणाऱ्या मण्यांकडे होतं.

घरी पळत येऊन तिनं टोपलीतले रातांबे फोडले. आदल्या दिवशीची सालंही त्यात मिसळली. टोपली काठोकाठ भरली. तिनं आईला काही सांगितलं नाही. एकदम सुकलेली आमसुलंच दाखवू, असं तिला वाटलं. टोपलीवर हात ठेवून ती म्हणाली, "सूक! आणि ओली, तू ओढ्यात जा!"

टच्! एक मणी फुटला. टोपलीतून लाल लाल धार उठली, अंगणावरून सापासारखी वळत गेली आणि ओढ्यात पडली. येसूनं टाळ्या पिटल्या. मग तिनं टोपलीत हात घातला.

आत काय होतं? झाडाच्या सालीसारखे तपकिरी, हलके कपटे. दाबले की चुरा होत होता. तिनं एक जिभेवर ठेवला. आंबट नाही, खारट नाही, काहीच नाही.

शेजारचे भिवाकाका कुंपणापाशी आले. म्हातारे होते, पण थट्टा केल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नसे. "काय गो येसू, ओढा लाल का झालाय? माझी म्हैस पाणी प्यायली नि तोंड वाकडं करून उभी आहे. म्हणते, सार झकास झालंय, पण मीठ कमी!"

एरवी येसू खदखदून हसली असती. आज ती रडायलाच लागली. काका कुंपणावरून वाकले. "रडू नको गो," ते म्हणाले. "माझ्या आमसुलांना तर दाढी आलीय. माझ्याहून लांब आणि माझ्याहून पांढरी."

येसू टोपली घेऊन आईपाशी गेली आणि सगळं खरं सांगितलं. आईनं एक कपटा हातात घेतला.

"अगं वेडे, तू रसच पाठवून दिलास! आमसूल काय एका दमात होतं? साल रसात बुडवायची, सुकवायची. सुकली की पुन्हा रसात. पुन्हा ऊन. अशी सात पुटं द्यायची. जेवढं पाणी उडतं, तेवढा रस आपण परत पाजतो. पाणी जातं नि आंबट आत मुरत राहतं. सुकणं म्हणजे रिकामं होणं नव्हे गो. नको ते जाणं आणि हवं ते घट्ट होणं."

येसूला परीचं बोलणं आठवलं. काय जायला हवं आणि काय राहायला हवं. तिनं तो कपट्यांचा ढीग आणि काढलेल्या बिया ओढ्याकाठी नेऊन टाकल्या. पण आता ती रडत नव्हती, विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या पोटरीवर अलगद हात ठेवला. आधी नीट बघितलं. मग म्हणाली, "जखमे, सूक. रक्त आईपाशीच राहू दे. नको ते पाणी तेवढं चुलीतल्या राखेत जाऊ दे."

टच्! दुसरा मणी फुटला. चुलीतली राख चुर्र वाजली. जखमेवर एक पातळ खपली धरली, तांबूस, कोरडी, स्वच्छ. आईनं पाय जमिनीवर टेकवला. मग दुसरा टेकवला. मग उभी राहून तिनं येसूला उचललंच.

"पाय दुखेल, आये!"

"दुखू दे," आई म्हणाली. दोघींनी त्या दिवशी रानातून टोपलीभर रातांबे आणले, फोडले आणि सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून ठेवली.

तिसरा दिवस उजाडला. आता एकच मणी उरला होता.

आई म्हणाली, "आता तुला कळलंय कसं बोलायचं. टोपलीवर हात ठेव. म्हण, पाणी जाऊ दे, आंबट राहू दे. आपली टोपली झाली की तू माझ्यापाशी राहशील."

येसूनं हात पुढे केला. तळहात सालांवर टेकणार, तेवढ्यात वाटेवरून हंडे वाजले. वरच्या कातळवाडीच्या बाया पाण्याला उतरल्या होत्या. धुकं खालीच बसलेलं असायचं, वर कातळावर मात्र आग ओकणारं ऊन. तिथलं तळं आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. पुढे चाललेली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्याकडे ओलीनं जीव खाल्लाय आणि आमच्याकडे गुरांना चाटायला थेंब नाही. देवानं वाटणी करताना डोळे मिटले होते की काय!"

कुंपणापलीकडे भिवाकाका बुरसलेली आमसुलं उकिरड्यावर टाकत होते. आज ते थट्टा करत नव्हते. त्यांचा नातू दारात उभा राहून विचारत होता, "आबा, आपल्याला होडीवाला तांदूळ देईल ना?" आणि काका पाठ फिरवून रिकामी टोपली झटकत होते.

येसूनं हात मागे घेतला.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"आये, ओल सालांत नाही. ओल धुक्यात आहे. मी आपली टोपली सुकवीन. बाकीच्या आठ घरांचं काय?"

आईनं खुंटीवरच्या गाठोड्याकडे बघितलं. मग येसूकडे बघितलं. ती म्हणाली, "धुक्यावर हात ठेवता येतो का गो, बाय?"

"बघते."

"आणि नाही ठेवता आला, मणी फुकट गेला, तर?"

येसूनं गाठोड्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचललाच नसता. "तर जाईन मामाकडे," ती म्हणाली आणि डोंगराची वाट चढायला लागली.

वाट ओली होती. ती दोनदा घसरली. धुकं एवढं दाट की स्वतःचे पाय दिसेनात. चढता चढता पांढरं थोडं उजळलं, मग दुधाळ झालं, मग सोनेरी. आणि एकदम येसूचं डोकं धुक्यातून बाहेर आलं!

वर निळंभोर आकाश. झगझगीत ऊन. आणि खाली जिकडेतिकडे धुकं पसरलेलं, एखादी मोठी पांढरी गाय वाडीवर बसून रवंथ करतेय असं. येसू एका दगडावर उभी राहिली. तिनं हात पुढे केला आणि हळूच धुक्याच्या पाठीवर ठेवला. हात आत बुडेना, वरच राहिला. तळव्याला गार गार लागलं आणि तळवा ओला झाला.

हात टेकला होता.

"धुक्या," ती हळू आवाजात म्हणाली, "तू वाईट नाहीस. तू चुकीच्या जागी बसलायस, एवढंच. तुझी जिथं वाट बघतायत तिथं जा. वर कातळावरच्या तळ्यात जा. आणि आमची वाडी... सूक!"

टच्! तिसरा मणी फुटला.

क्षणभर काहीच झालं नाही. येसूनं हात तसाच टेकवून ठेवला. मग ती पांढरी गाय हलली. उठली. आणि एकीच्या शंभर गाई झाल्या. पांढऱ्याशुभ्र, मऊमऊ, गळ्यात दवाच्या घंटा किणकिणणाऱ्या! त्या येसूच्या दोन्ही बाजूंनी डोंगर चढत वर निघाल्या. जाता जाता तिच्या गालाला नाक घासून जात होत्या. येसू ओलीचिंब झाली आणि हसत सुटली. कळप कातळावर पोचला, तळ्यात उतरला आणि दिसेनासा झाला. तळ्याच्या भेगा मिटल्या. पाणी घोट्याएवढं झालं, गुडघ्याएवढं झालं, काठाला लागलं. खालून पाणी भरून नुकत्याच वर पोचलेल्या कातळवाडीच्या बायांनी हंडे तिथंच टाकले आणि एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायला सुरुवात केली. मघाची बाई तर लुगड्यासकट तळ्यात बसली.

आणि खाली वाडीवर ऊन पडलं. पिवळंधमक, कडक, हळदीच्या रंगाचं ऊन!

येसू धावत खाली आली तेव्हा नऊही अंगणांत चटया पसरल्या होत्या. भिवाकाका ओरडत होते, "अरे, सालं घाला, सालं! ऊन परत जायच्या आत घाला!" आठ घरांतली बुरसलेली सालं टाकली गेली, तरी रानात रातांबे होतेच. सगळी वाडी रानात पळाली.

पुनवेला सात दिवस होते आणि पुटंही सातच. रोज सकाळी सालं रसात, दिवसभर उन्हात. पहिल्या दिवशी ती गुलाबी होती. तिसऱ्या दिवशी लाल. पाचव्या दिवशी जांभळी. सातव्या दिवशी ती काळसर, मऊ, चमकदार झाली आणि त्यांच्या आंबटगोड वासानं साऱ्या वाडीच्या तोंडाला पाणी सुटलं. येसूनं एक जिभेवर ठेवलं आणि तिचे दोन्ही डोळे आपोआप मिटले.

"कसं आहे?" आईनं विचारलं.

"डोळे उघडत नाहीत, आये!"

पुनवेच्या दुपारी भरती आली आणि होडी आली. होडीवाल्यानं पहिल्या टोपलीतलं आमसूल चाखलं आणि मटकन खाली बसला. "येताना सगळ्या किनाऱ्यावर बुरशीच बुरशी बघितली," तो म्हणाला. "ही कुठल्या उन्हात केलीत?"

"आमच्या येसूच्या," भिवाकाका म्हणाले. "ते दुसरीकडे मिळत नाही. आणि तांदूळ शीग लावून ओत रे. हात आखडलास तर पोर तुझी होडी सुकवून टाकील!"

सगळे हसले. आठ घरांचा तांदूळ ओतला गेला. येसूच्या टोपलीपाशी मात्र वाडी थांबली. प्रत्येक घरातून ओंजळी ओंजळी आमसुलं आली आणि तिच्या टोपलीशेजारी दुसरी टोपली भरली. होडीवाल्यानं दोन्हींचा तांदूळ ओतला. कातळवाडीच्या बायांनी वरून एक दुधाचा हंडाही आणला.

ऊन कलताना येसू ओढ्यावर हात धुवायला गेली. आणि तिथंच थबकली. तिनं जिथं कपटे आणि बिया टाकल्या होत्या, जिथून तो लाल रस वाहत गेला होता, तिथं ओढ्याच्या दोन्ही काठांनी रातांब्याची रोपं उभी होती. गुडघ्याएवढी, कोवळ्या लाल पानांची. शंभर तरी असतील. आणि त्यांच्यावरून एक छोटासा रंगीत ठिपका गिरक्या घेत होता.

"रातांबी!"

"चूक तुझी आणि झाडंही तुझी," परी हसत म्हणाली. "तू सांडलेलं काही वाया जाऊ दिलं नाही मी. ही मोठी झाली की वाडीत कुणाची टोपली कधी रिकामी राहणार नाही."

"पण मणी संपले गं."

"संपू देत. मी तुला नुसता 'सूक' हा शब्द दिला होता. ओल कुणाला द्यायची, ते तुझं तूच शोधलंस." परी येसूच्या लाल तळव्यावर उतरली. "त्या दिवशी तू मला हळूहळू सुकवलंस ना? म्हणूनच माझे पंख तडकले नाहीत. बघ हं आता!"

तिनं चारही पंख उघडले. सोनेरी, गुलाबी, मोरपिशी, पांढरा. मावळतीचं ऊन त्यांच्यातून आरपार गेलं आणि ओढा, रोपं, येसूचे हात, सगळं लखलखून उठलं. येसूनं डोळे किलकिले केले. पुन्हा उघडले, तेव्हा तळव्यावर फक्त उजेड होता. ऊबदार, कोरडा, इवलासा. मग तोही उडून गेला.

ती घरी आली तेव्हा खाडीत होडी परत निघाली होती. ओसरत्या भरतीच्या पाण्यावर डुलत, येसूला न घेता.

खुंटी रिकामी होती. येसू दचकली. मग तिला अंगणात आई दिसली. आईनं गाठोडं सोडलं होतं. दोन परकर आणि एक पोलकं धुऊन, झटकून, तिनं दोरीवर घातलं होतं आणि ती त्यांच्या कडा ओढून सरळ करत होती.

"दमट वास येत होता," आई म्हणाली. "उद्या घालशील ना, इथं."

येसूनं परकराला हात लावून बघितला. वाऱ्यावर तो फडफडत होता, आणि कडेपर्यंत छान सुकला होता.